चवथीआधी लागलेली नोकरी

२०२४ च्या ऑगस्टमध्ये, चवथ म्हणजे गणेश चतुर्थी तोंडावर आलेली असताना, मला गोव्यातल्या मोपाच्या विमानतळावर नोकरी लागली. निदान आमच्या घरात सात दिवस सगळ्यांचा तसाच समज होता. आईने देवापुढे साखर ठेवली, आजीने वाड्यावर सांगून टाकलं, आणि यंदा माटोळीला, गणपतीवर बांधायच्या फळापानांच्या सजावटीला, हात आखडता घ्यायचा नाही असं बाबांनी ठरवलंसुद्धा. ती नोकरी मुळात नव्हतीच. त्या सात दिवसांत माझे ६,३५० रुपये गेले आणि आईच्या पाटल्या जाता जाता राहिल्या. काय काय झालं ते क्रमाने लिहिते, कारण त्यानंतरच्या वर्षभरात माझ्याच ओळखीतल्या तिघांच्या दारात तशीच माणसं वेगवेगळी नावं घेऊन उभी राहिलेली मी पाहिली.

आमचं घर डिचोली तालुक्यातलं. बाबांचा ट्रक खाणीवर होता. २०१२ मध्ये खाणी बंद पडल्या, मधे काही काळ चालू झाल्या आणि सुप्रीम कोर्टाच्या फेब्रुवारी २०१८ च्या निकालानंतर मार्चपासून पुन्हा थांबल्या. तेव्हापासून बाबा चिऱ्याची आणि खडीची भाडी मारतात. पावसाळ्यात तीही नसतात. मी बी.कॉम. झाले, टॅली शिकले, फोंड्यात एका दुकानात दीड वर्ष हिशेब लिहिले. जानेवारी २०२३ मध्ये मोपाहून विमानं उडायला लागली तेव्हा पेडणे, बार्देश, डिचोली या सगळ्या पट्ट्यात एकच बोलणं होतं, कुणाचा मुलगा कुठे चिकटला. मीही एका नोकरीच्या पोर्टलवर माझा बायोडाटा टाकून ठेवला. जन्मतारीख, वडिलांचं नाव, घरचा पत्ता, कॉलेज, मार्क, फोन, सगळं त्यात होतं. बायोडाटा असाच असतो, असंच आम्हाला शिकवलेलं.

फोन आला तो सकाळी दहाच्या सुमाराला. एका विमान कंपनीच्या मनुष्यबळ विभागातून बोलतोय म्हणाला. हिंदी, सावकाश, अदबीने. त्याला माझं कॉलेज ठाऊक होतं, टॅली येतं हे ठाऊक होतं, आणि गावाचं नावही त्याने नीट घेतलं. आज मला कळतं की ते सगळं माझ्याच कागदावरून वाचलेलं होतं. पण त्या क्षणी, आपल्याला कुणीतरी निवडून फोन केलाय असंच वाटलं. दुसऱ्या दिवशी फोनवरच मुलाखत झाली, बारा मिनिटांची. त्यातला एक प्रश्न मला अजून आठवतो. प्रवाशाची बॅग फाटून आली आणि तो काउंटरवर ओरडायला लागला तर तुम्ही पहिलं वाक्य काय बोलाल? मी विचार करून उत्तर दिलं. तो म्हणाला, ‘बहुत अच्छा, यही चाहिए.’ त्या एका प्रश्नाने माझा विश्वास बसला. फसवणाऱ्याला असा बरा प्रश्न कशाला सुचेल, असं मी स्वतःला समजावलं. तो प्रश्न त्याने त्या आठवड्यात किती जणींना विचारला असेल कोण जाणे.

संध्याकाळी मेलवर नेमणुकीचं पत्र आलं. पद ग्राहक सेवा सहायक, पगार महिना २७,५००, रुजू व्हायची तारीख १५ सप्टेंबर. खाली गोल शिक्का, निळी सही, वर एका कोपऱ्यात कंपनीचं चिन्ह आणि दुसऱ्या कोपऱ्यात अशोकस्तंभाचे सिंह. आईने ते सिंह पाहिले आणि म्हणाली, सरकारी आहे म्हणजे. सोबत एक ओळ होती: कागदपत्रांच्या पडताळणीसाठी १,८५० रुपये, चोवीस तासांत.

मी भरले. लोक मला नंतर विचारायचे, शिकलेली मुलगी तू, भरलेस कसे? मला याचं उत्तर द्यायचं आहे. आपल्याकडे परीक्षेच्या फॉर्मला फी असते, दाखल्याला फी असते, पासपोर्टला फी असते, पोलिसांच्या पडताळणीलाही असते. कॉलेज सोडल्यापासून मी ज्या ज्या खिडकीपुढे उभी राहिले तिथे आधी पावती फाडली आणि मग काम झालं. त्यामुळे नोकरीच्या वाटेवर कुणी फी मागितली की आपल्या कानाला ते खटकत नाही. या लोकांनी आपली ही सवय नीट हेरलेली आहे. रक्कमसुद्धा विचार करून काढलेली. हजाराच्या वर, दोन हजारांच्या आत, ठोक आकडा नाही. ठोक आकडा मागितल्यासारखा वाटतो, १,८५० हा आकडा कुठल्यातरी नियमातून आल्यासारखा वाटतो.

पैसे भरताच मला व्हॉट्सअ‍ॅपवरच्या एका ग्रुपमध्ये घेतलं. नाव होतं गोवा बॅच, साधारण चाळीस जण. कुणी ‘पडताळणी पूर्ण, धन्यवाद सर’ लिहीत होता, कुणी गणवेशाचा फोटो टाकत होती. या चाळिसांतले बहुतेक त्यांचेच असणार हे पुढे लक्षात आलं, कारण सगळे रात्री अकराला एकदम जागे व्हायचे आणि एकाच तऱ्हेने लिहायचे. एक मुलगी मात्र वेगळी वाटली. तिने विचारलं होतं, ‘सावंतवाडीहून मोपाला सकाळच्या पाळीला पोहोचेल अशी एसटी कुणाला माहीत आहे का?’ तिला कुणीच उत्तर दिलं नाही. ज्यांना खरंच मोपाला जायचं होतं, असा कुणी तिथे नव्हताच ना.

पत्र आल्यावर पाचव्या दिवशी सकाळी गणवेश आणि विमानतळाच्या प्रवेशपासाचे म्हणून ४,५०० मागितले. दहा चाळीसला मी ते भरले. क्यूआर कोड स्कॅन केल्यावर पडद्यावर कंपनीचं नाव येण्याऐवजी एका बाईचं नाव आलं. मी क्षणभर थांबले. फोन करून विचारलं, तर तो म्हणाला, ‘मॅडम, ये हमारी अकाउंट्सवाली हैं.’ मी पिन टाकला. या संबंध प्रकारात मला सगळ्यांत जास्त खुपतं ते हेच. माझ्या डोळ्यांपुढे खूण होती, मी ती वाचली होती, आणि तरी ज्याच्याबद्दल शंका होती त्यालाच फोन करून शंका मिटवून घेतली.

सव्वाअकराला पुढचा निरोप. सुरक्षा अनामत १२,५००, पहिल्या पगाराबरोबर परत. दुपारी दोनपर्यंत नाही भरले तर जागा प्रतीक्षा यादीतल्या उमेदवाराला. आता ६,३५० आधीच गेलेले. नाही म्हटलं तर ते बुडाले. हो म्हटलं तर ते वाचतील असं वाटतं. एकेक रक्कम आधीच्या रकमेला सोडवायला जाते, ही या धंद्याची सगळी बांधणी. आईने कपाट उघडलं आणि पाटल्या काढल्या. सोसायटीत ठेवून येते म्हणाली, चवथ झाली की सोडवू.

पावसामुळे बाबा घरी होते. पाटल्या बघून ते उठले आणि म्हणाले, ‘बाये, ते पत्र दाखव बघू एकदा. पैसे कुणाला देतोय ते तरी कळू दे.’ मी मोबाईल दिला. त्यांनी चष्मा लावला, पत्र बोटांनी मोठं केलं, आणि वरचं काहीच न वाचता थेट तळाशी गेले. तिथे बारीक अक्षरात कंपनीचा जीएसटी क्रमांक होता. बाबांना इंग्रजी पत्र फारसं वाचता येत नाही. पण जुलै २०१७ पासून टायरची, ऑइलची, गॅरेजची बिलं ते सांभाळून ठेवत आलेत. ते म्हणाले, ‘आपल्या सगळ्या बिलांवर हा नंबर ३० ने सुरू होतो. हा ०९ ने होतोय.’

मी हिशेब लिहिलेली मुलगी. दीड वर्ष रोज हे क्रमांक टॅलीत भरले होते. जीएसटी क्रमांक पंधरा अक्षरांचा असतो, पहिले दोन अंक राज्याचे. गोवा ३०, महाराष्ट्र २७, उत्तर प्रदेश ०९. पुढची दहा अक्षरं म्हणजे त्या मालकाचा पॅन. पॅनचं चौथं अक्षर सांगतं की मालक कोण: कंपनी असेल तर सी, एकटा माणूस असेल तर पी. म्हणजे जीएसटी क्रमांकात ते सहावं पडतं. मी सहावं अक्षर पाहिलं. पी होतं. हजारो लोकांना पगार देणारी विमान कंपनी कागदोपत्री एकच माणूस होती आणि तोही उत्तर प्रदेशातला. जीएसटीच्या साइटवर तो क्रमांक टाकला तर कपड्यांचा एक व्यापारी निघाला. त्या बिचाऱ्याला आपला क्रमांक कुठल्या पत्राच्या तळाशी चिकटलाय याची गंधवार्ताही नसावी.

मग पाच मिनिटांत बाकीचं पत्रही गळून पडलं. मेलच्या पत्त्यात कंपनीच्या नावाला ‘करिअर्स’ असा शब्द जोडलेला होता, आणि ते नाव इंटरनेटवर जेमतेम तीन आठवड्यांपूर्वी नोंदवलेलं. नोंदणीची तारीख कुणालाही फुकट बघता येते. अशोकस्तंभाचे सिंह कुठल्याही खासगी कंपनीला आपल्या पत्रावर असे छापता येत नाहीत, त्यासाठी २००५ चा कायदाच आहे. १५ सप्टेंबर हा दिवस रविवार होता. आणि प्रवेशपास? विमानतळाच्या आतल्या पासाची व्यवस्था ब्युरो ऑफ सिव्हिल एव्हिएशन सिक्युरिटीच्या अखत्यारीत येते आणि त्यासाठी अर्ज नोकरी देणारी कंपनी करते. उमेदवाराने कुणा बाईच्या खात्यात पैसे टाकून तो मिळत नाही. हे सगळं पाच दिवस माझ्या मोबाईलमध्ये होतं. मी ते वाचलं नव्हतं, कारण मी त्या पत्राकडे माझं पत्र म्हणून बघत होते. बाबांनी ते बिल म्हणून वाचलं.

आईने पाटल्या परत ठेवल्या. कुणी काही बोललं नाही. मला रडायला येत होतं, पण मामेबहिणीने फोनवर सांगितलं, रड नंतर, आधी १९३० लाव.

१९३० हा सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा देशभराचा क्रमांक. तिसऱ्यांदा लागला. पलीकडच्या बाईंनी माझी कहाणी ऐकून घेतली नाही, आणि त्यांनी बरोबर केलं. त्यांना हवं होतं ते एवढंच: माझी बँक, रक्कम, वेळ, आणि व्यवहाराचा बारा आकडी यूटीआर क्रमांक. तो आपल्या यूपीआय अ‍ॅपमध्ये त्या त्या व्यवहाराच्या तपशिलात असतो. मी तो शोधेपर्यंत त्या थांबल्या. बारा वाजून दहा मिनिटांनी तक्रारीचा क्रमांक मेसेजने आला. मग सायबरक्राइम पोर्टलवर सविस्तर तक्रार भरली, पत्र, ग्रुपमधले संदेश, क्यूआर, सगळ्याचे स्क्रीनशॉट जोडून. बँकेलाही वेगळं कळवलं. एक गोष्ट सुदैवाने बरोबर केली होती: रागाच्या भरात चॅट पुसलं नव्हतं, आणि त्या माणसाला ‘तू चोर आहेस’ असं लिहिलंही नव्हतं. लिहिलं असतं तर त्याने पैसे आणखी लवकर पुढे सरकवले असते आणि ग्रुप नाहीसा झाला असता.

दीड तासापूर्वी गेलेले ४,५०० त्या बाईच्या खात्यातच गोठवले गेले. पाच दिवसांपूर्वीचे १,८५० तोवर तीन खात्यांतून फिरून निघून गेले होते. वेळेचा अर्थ मला त्या दोन आकड्यांनी शिकवला. गोठवलेले पैसे आपोआप परत आले नाहीत, तेव्हा कोर्टाचा आदेश लागला. त्यासाठी मला दोन खेपा घालाव्या लागल्या आणि पैसे हातात यायला पुढचा उन्हाळा उजाडला.

पोलीस ठाण्यात जायला मी चार दिवस घेतले. लाज वाटत होती. गोव्यात सायबर गुन्ह्यांसाठी रायबंदरला वेगळं ठाणं आहे, बाबा मला घेऊन गेले. तिथल्या महिला अधिकाऱ्याने माझे कागद लावून घेतले आणि सांगितलं की पूर्वीच्या ४२० च्या जागी आता भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ लागतं, सोबत आयटी कायद्याचं ६६-डी. मग म्हणाली, ‘तू आलीस हे चांगलं केलंस. बहुतेक जण दोन-चार हजारांसाठी येतच नाहीत. आणि एकाच खात्याबद्दल अनेक तक्रारी आल्या की ते खातं आमच्या डोळ्यावर येतं.’ मी तिथून निघाले तेव्हा पहिल्यांदा मोकळा श्वास घेतला. माझी तक्रार माझ्या ४,५०० पुरती नव्हती हे मला त्या टेबलापुढे कळलं.

त्या सावंतवाडीच्या मुलीचा नंबर ग्रुपमध्ये दिसत होता. रात्री तिला खासगीत लिहिलं. तिचा विश्वास बसेना. तिला वाटलं मीच तिची जागा बळकावायला बघतेय. हे स्वाभाविक होतं, मला दोन दिवसांपूर्वी कुणी असं लिहिलं असतं तर मीही तसंच म्हटलं असतं. म्हणून मी काही पटवत बसले नाही. फक्त म्हटलं, तुझ्या पत्राच्या तळाचा जीएसटी क्रमांक काढ, पहिले दोन अंक बघ, सहावं अक्षर बघ, आणि साइटवर टाक. वीस मिनिटांनी तिचा फोन आला. ती काही बोलत नव्हती, नुसता श्वास ऐकू येत होता. तिने ३१,००० भरले होते. त्यातले २०,००० तिच्या लग्न झालेल्या बहिणीचे होते, आणि बहिणीच्या नवऱ्याला ते माहीत नव्हतं. त्या रात्री आम्ही दोघी एक वाजेपर्यंत फोनवर तिची तक्रार भरत होतो.

त्याच वर्षी दिवाळीच्या आगेमागे, ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, गोव्यात सरकारी नोकरी लावून देतो म्हणून लाखो रुपये घेतल्याच्या तक्रारी एकामागून एक बाहेर आल्या, अटका झाल्या, सगळ्या राज्यात तोच विषय. तिथे ऑनलाइन काहीच नव्हतं. ओळखीचा माणूस, घरी येऊन चहा घेणारा, ‘वर बोलणं झालंय’ म्हणणारा. आमच्या वाड्यावरच्या एका काकांनीही मुलासाठी पैसे दिले होते, पण ते अजून तक्रार करायला तयार नाहीत, कारण लाच दिली असं कबूल करावं लागेल ही त्यांना भीती. त्यांच्याबद्दल मला राग नाही. खाण गेली, शेती कमी, मुलगा तिशीला आलेला. मी त्यांच्या मुलाला एवढंच सांगितलं की गोव्यातल्या खऱ्या सरकारी जाहिरातीत पंधरा वर्षांच्या वास्तव्याचा दाखला मागतात, रोजगार विनिमय केंद्राचं कार्ड मागतात, कोकणीचं ज्ञान मागतात. क वर्गाच्या जागांसाठी आता कर्मचारी निवड आयोगाची परीक्षा असते, ती संगणकावर होते. ज्या कागदावर यातलं काहीच मागितलेलं नाही तो कागद गोव्यात बनलेला नाही.

नंतर आला माझ्या मावसभावाचा प्रश्न, आणि तो सगळ्यांत अवघड होता. त्याने हॉटेल मॅनेजमेंट केलंय, जहाजावरच्या सुरक्षेचे एसटीसीडब्ल्यूचे कोर्स केलेत, सीडीसी म्हणजे खलाशाची नोंदपुस्तिका काढलीय, आणि त्याला क्रूझवर जायचंय. गोव्यात बोटीवर जाणं म्हणजे काय ते बाहेरच्याला सांगून कळत नाही. अर्ध्या गावाची घरं बोटीच्या पैशावर उभी आहेत. म्हापशात एका भाड्याच्या खोलीत बसलेल्या एजंटने त्याला सांगितलं, एक लाख साठ हजार, त्यातले चाळीस हजार रोख आज, उरलेले अमेरिकेचा सी-वन-डी, म्हणजे खलाशांचा, व्हिसा लागल्यावर. एजंटकडे परवान्याची झेरॉक्स होती. भाऊ म्हणाला, ‘ताई, हा तुझ्यासारखा नाही. याचा परवाना खरा आहे, मी स्वतः साइटवर बघितला.’

आणि तो क्रमांक खराच होता. खलाशांची भरती करणाऱ्या कंपनीला नौवहन महासंचालनालयाचा, म्हणजे डीजी शिपिंगचा, आरपीएसएल परवाना लागतो आणि परवानाधारकांची यादी त्यांच्या साइटवर असते. त्या यादीत तो क्रमांक एका मुंबईच्या कंपनीच्या नावावर होता, परवाना चालू. माझा भाऊ इथे थांबला होता. मी त्याला म्हटलं, आता एकच कर. एजंटच्या कार्डावरच्या नंबरला हात लावू नकोस. यादीत त्या कंपनीपुढे जो फोन दिलाय त्यावर लाव. त्याने लावला. पलीकडच्या माणसाने नाव विचारलं, म्हापसा म्हटल्यावर थोडा थांबला आणि म्हणाला, गोव्यात आमचं कुणी नाही, आणि आम्ही उमेदवाराकडून एक रुपया घेत नाही. तुम्ही आज तिसरे.

खऱ्या कंपनीचा खरा क्रमांक उचलायचा आणि खाली आपला मोबाईल नंबर छापायचा, हीच चलाखी माझ्या पत्रावर होती, फक्त तिथे ती ढिसाळपणे केलेली. १,८५० साठी कपड्यांचा व्यापारी पुरतो, एक लाख साठ हजारांसाठी ते मेहनत घेतात. जहाजावरच्या नोकरीबद्दल एक गोष्ट गोव्यातल्या प्रत्येक घराला माहीत हवी. २००६ चा सागरी कामगार करार भारताने २०१५ मध्ये मान्य केलाय, आणि त्यानुसार भरतीसाठी खलाशाकडून पैसे घ्यायला मनाई आहे. वैद्यकीय दाखला, पासपोर्ट आणि सीडीसी, एवढाच खर्च त्याचा. व्हिसाचा खर्च जहाजमालकाचा. म्हणजे व्हिसाच्या नावाने लाख मागणारा माणूस पहिल्याच वाक्यात उघडा पडतो, परवाना बघायचीही गरज नाही. भाऊ दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. त्याच्या हातातली बोट मी बुडवली असं त्याला वाटत होतं. ते मला समजत होतं.

आखाताचं थोडं वेगळं. तिथल्या नोकऱ्यांसाठी एजंटला फी घेता येते, पण तो ई-मायग्रेट या सरकारी पोर्टलवर नोंदलेला हवा, मर्यादा ३०,००० रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ३५,४००, आणि त्याची पावती. मैत्रिणीच्या भावाकडे दुबईसाठी ९०,००० मागितले तेव्हा तिने एवढंच विचारलं की नोंदणी क्रमांक आणि ३५,४०० ची पावती द्याल का. पुन्हा फोन आला नाही. आणि थायलंडमध्ये डेटा एन्ट्री, विमानाचं तिकीट आमचं, पगार डॉलरमध्ये, असं कुणी म्हणत असेल तर कृपा करून जाऊ नका. परराष्ट्र मंत्रालयाने सप्टेंबर २०२२ मध्येच इशारा दिला होता की आयटीच्या नोकऱ्या सांगून मुलांना थायलंडमार्गे म्यानमारमध्ये नेतात. तिथे त्यांना डांबून, जगभरच्या लोकांना फसवायच्या कामाला बसवतात. पैसे न मागणारी ऑफरसुद्धा फसवणूक असू शकते, ती हीच.

टेलिग्रामवर हॉटेलांना तारे द्या, व्हिडिओ लाईक करा, रोजचे दोन हजार कमवा, या प्रकाराबद्दल मी जास्त लिहीत नाही. पहिले दीडशे रुपये खरंच येतात, मग तुमचे भरायला सांगतात. तेवढं लक्षात ठेवलं तरी पुरे.

शेवटची गोष्ट गेल्या पावसाळ्यातली. शेजारचा मुलगा, बारावी झालेला, एकोणीस वर्षांचा, घरी पेढे घेऊन आला. घरबसल्या नोकरी मिळाली म्हणाला, महिना सात हजार. काम काय? त्याच्या नावावर बँकेत खातं उघडायचं, नवीन सिम घ्यायचं, आणि एटीएम कार्ड, पासबुक आणि ते सिम एका माणसाकडे द्यायचं. कंपनीचे पेमेंट त्या खात्यातून जाणार, बाकी काही करायचं नाही. कुणी त्याच्याकडे एक पैसाही मागितला नव्हता. उलट दोन हजार आगाऊ दिले होते, त्याचेच पेढे.

माझ्या हातातला पेढा हातातच राहिला. वर्षभर मी त्या बाईच्या नावाला शिव्या घातल्या होत्या, जिच्या खात्यात माझे ४,५०० गेले. क्यूआरवर दिसलेलं ते नाव मला झोपेतही दिसायचं. रायबंदरच्या अधिकारी तेव्हा बोलता बोलता म्हणाल्या होत्या की ही खाती पुष्कळदा भाड्याची असतात, ती बाई कदाचित कुठल्यातरी खेड्यातली असेल, तिला काही माहीतही नसेल. तेव्हा ते माझ्या डोक्यात शिरलं नव्हतं. आता ते नाव माझ्या शेजारच्या घरात तयार होत होतं. उद्या कुणीतरी मुलगी विमानतळावरच्या नोकरीसाठी पैसे भरताना तिच्या पडद्यावर या मुलाचं नाव येणार होतं, आणि पोलीस पहिले याच्या दारात येणार होते.

त्याच्या आईला हाक मारली, तिघंही बसलो. मी त्याला घाबरवलं नाही, माझ्या तक्रारीचे कागद काढून दाखवले, त्या बाईच्या नावावर बोट ठेवलं. तो बराच वेळ बघत राहिला. मग म्हणाला, ‘पण ताई, कार्ड काल देऊन झालं.’

दुसऱ्या दिवशी सकाळच्या कदंबा बसने आम्ही बँकेत गेलो. खात्यात तोवर एक रक्कम येऊन गेलेली होती, नऊ हजारांची. मॅनेजरने कार्ड बंद केलं, खातं थांबवलं, त्याच्याकडून लेखी घेतलं. सिम बंद केलं. ज्या नंबरवरून त्याला निरोप येत होते तो संचार साथी या सरकारी पोर्टलवरच्या ‘चक्षू’ या संशयित नंबर कळवायच्या सोयीत नोंदवला, आणि तिथून थेट पोलिसांकडे जाऊन सगळं सांगितलं, उरलेले दीड हजार रुपयेसुद्धा त्यांच्यापुढे ठेवले. तो पूर्ण वेळ माझ्या शेजारी उभा होता, हाताची बोटं एकमेकांत अडकवून.

परतताना बसमध्ये त्याने विचारलं, ‘आता खरी नोकरी कुठे शोधू?’ मी म्हटलं, तुझा बायोडाटा दाखव. त्याने मोबाईलवर उघडला. फोटोखाली पहिल्याच ओळीत त्याचा आधार क्रमांक छापलेला होता, त्याखाली जन्मतारीख, आईचं नाव, घर क्रमांक. डिचोली येईपर्यंत आम्ही दोघांनी मिळून ते एकेक करून पुसलं.